भाकरी मोजून खावी: कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात कर्बोदके कमी करण्याची रीत

आमच्या घरातील एका भाकरीला किती पीठ लागते, हे मी लग्नानंतर २३ वर्षांनी पहिल्यांदा मोजले. सासूबाई परात पुढे घेऊन बसल्या होत्या. त्यांनी नेहमीच्या अंदाजाने ज्वारीचे पीठ ओढून घेतले, तेव्हा ते मळण्याआधी एकदा काट्यावर ठेवू द्या, अशी मी त्यांना विनंती केली. "भाकरीबी मोजून खायाची असती व्हय गं?" असे म्हणत त्यांनी पीठ वाटीत काढून दिले. काटा ९२ ग्रॅमवर थांबला. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ६८ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे आमच्या एका भाकरीत ती ६२ ग्रॅमच्या आसपास होती. दुपारी मी अशा दोन भाकरी आणि त्यावर भात खात होते, आणि आपले जेवण बेताचे आहे असे मनापासून समजत होते.

त्या वेळी माझे वजन ७८ किलो होते, काम बैठे होते आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची, म्हणजे एचबीएवनसीची तपासणी ६.१ आली होती. ५.७ ते ६.४ हा टप्पा मधुमेहाच्या उंबरठ्याचा मानला जातो. डॉक्टरांनी गोळी न लिहिता मला तीन महिन्यांची मुदत दिली. पुढच्या १४ महिन्यांत माझे वजन ६७ किलोवर आले आणि साखरही उंबरठ्याच्या अलीकडे आली. तेव्हापासून ओळखीचे अनेक जण "नेमके काय केलेत?" असे विचारतात. काही जण अर्धेच ऐकून जातात आणि स्वतःला त्रास करून घेतात, म्हणून सगळे एकदा नीट लिहून काढत आहे.

कमी म्हणजे किती

कर्बोदके म्हणजे पीठ, भात, साखर, गूळ, बटाटा, फळे आणि कडधान्ये यांतून मिळणारा पिष्टमय व गोड भाग. त्याच्या एका ग्रॅमपासून ४ कॅलरी मिळतात. प्रथिनांपासूनही ४ मिळतात आणि स्निग्ध पदार्थांपासून ९. आपल्याकडे सर्वसाधारण माणसाच्या दिवसभराच्या कॅलरींपैकी ६० टक्क्यांहून अधिक कर्बोदकांतून येतात. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके घेतल्यास त्याला सामान्यतः 'लो-कार्ब' आहार म्हणतात. 'किटो' हा त्याचा टोकाचा प्रकार असून त्यात हे प्रमाण २० ते ५० ग्रॅमवर आणले जाते. तेव्हा शरीर चरबीपासून 'किटोन' नावाचे घटक तयार करून मुख्यतः त्यांवर चालू लागते. किटो आहाराची पद्धतशीर मांडणी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९२१ साली अपस्मार, म्हणजे फिटच्या रुग्णांसाठी झाली. तो मुळात उपचाराचा भाग होता आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिला जात होता. वजनासाठी पीठ-साखर सोडण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. लंडनचे विल्यम बँटिंग यांनी स्वतःच्या अनुभवावर १८६३ सालीच त्याविषयी पुस्तिका काढली होती.

माझ्या जुन्या दिवसाचा हिशेब मी वहीत मांडला तो असा: तीन कप चहात दोन-दोन चमचे साखर, म्हणजे ३० ग्रॅम, सकाळच्या पोह्यांत ४५ ग्रॅम, दुपारच्या दोन भाकरींत १२५ ग्रॅम आणि वाटीभर भातात ४० ग्रॅम, रात्रीच्या तीन चपात्यांत ६० ग्रॅम आणि पुन्हा भातात ४० ग्रॅम. आमटी-उसळ आणि दूध धरले तर बेरीज साडेतीनशेच्या पुढे जात होती. हा आकडा १३० च्या आसपास आणणे हे माझे उद्दिष्ट होते, आणि बहुतेकांनी तेच ठेवावे असे माझे स्पष्ट मत आहे. २० ग्रॅमचा किटो आपल्या स्वयंपाकघरात फार दिवस टिकत नाही, कारण त्यात वाटीभर मटकीची उसळसुद्धा बसत नाही. जो आहार घरच्या उसळीलाही नकार देतो, तो वर्षभर चालणार कसा?

वजन उतरते ते कशामुळे

पहिल्या आठवड्यात काटा दोन-अडीच किलोने खाली येतो आणि माणूस हुरळून जातो. त्यातील बराच भाग पाण्याचा असतो, हे आधीच माहीत असलेले बरे. यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो. तो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेले असते. कर्बोदके कमी झाली की हा साठा वापरला जातो आणि पाणी लघवीवाटे निघून जाते. एका लग्नाचे जेवण झाले की ते पाणी परतही येते. म्हणून पहिल्या पंधरवड्यातील उतार किंवा एखाद्या सोमवारचा चढ खरा मानू नये.

त्यानंतर जी चरबी उतरते, तिचे मुख्य कारण म्हणजे भूक आटोक्यात येते. प्रथिने आणि तंतुमय पदार्थ पोटात अधिक काळ राहतात, साखर भराभर चढत-उतरत नाही आणि अकरा वाजता काहीतरी तोंडात टाकण्याची ओढ कमी होते. परिणामी एकूण खाणेच घटते. कर्बोदके कमी झाली की इन्सुलिन कमी लागते हे खरे आहे, पण कॅलरी मोजण्याची गरजच उरत नाही असा जो प्रचार होतो, तो मला पटत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६०९ प्रौढांना एक वर्ष दोन गटांत ठेवले आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कमी चरबी खाणाऱ्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोने आणि कमी कर्बोदके खाणाऱ्यांचे ६ किलोने उतरले, म्हणजे दोहोंत म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्याआधी इस्राएलमध्ये ३२२ जणांवर दोन वर्षे चाललेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी कर्बोदकांचा गट ४.७ किलोने आणि कमी चरबीचा गट २.९ किलोने उतरला होता. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले तर मला असे दिसते की ही पद्धत परिणामकारक आहे, तिच्यात जादू नाही, आणि जी रीत तुम्हाला वर्षभर पाळता येईल तीच तुमच्यासाठी योग्य आहे. आपल्या ताटात पीठ आणि भाताचाच भार जास्त असल्याने कात्री तिथे लावणे सोपे जाते, एवढाच या रीतीचा आपल्यापुरता विशेष फायदा आहे.

आरोग्यावरील परिणामांपैकी ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील चरबीचा एक प्रकार, कमी होणे आणि जेवणानंतरची साखर कमी चढणे हे दोन लवकर दिसतात. 'चांगले' समजले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल बहुधा थोडे वाढते. याउलट एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, काही जणांमध्ये वाढते आणि क्वचित फारच वाढते. लोणी, तूप, मलई आणि चरबीचे मटण यांवर भर देणाऱ्यांत हे अधिक आढळते.

सुरुवातीआधी डॉक्टरांना भेटणे

हा भाग कोणीही वगळू नये. माझे थोरले दीर मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेत होते. माझे वजन उतरलेले पाहून त्यांनी एका सोमवारी भाकरी, भात आणि साखर एकदम बंद केली. गोळी मात्र पूर्वीइतकीच चालू ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी रंकाळ्यावर फिरताना त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले आणि समोरचे धूसर दिसू लागले. चहाच्या गाडीवाल्याने ओळखून साखर घातलेले पाणी पाजले, म्हणून ते सावरले. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन या दोन्ही गोष्टी खाल्लेल्या जेवणाच्या अंदाजाने ठरवलेल्या असतात. जेवणातील कर्बोदके निम्मी झाली आणि औषध तेवढेच राहिले, तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. म्हणून आहार बदलण्याच्या आधी मात्रा बदलून घ्यावी, आणि तीही डॉक्टरांकडूनच.

मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या घेणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. या गोळ्या चालू असताना कर्बोदके फार कमी केली, तर रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर प्रकार होऊ शकतो, आणि त्या वेळी यंत्रावर साखर फारशी वाढलेली दिसत नाही, म्हणून तो ओळखू येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणे अशी लक्षणे दिसली तर घरी थांबू नये. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांचा दाबही वजन आणि पाणी उतरल्यावर कमी होतो, म्हणून उठताना चक्कर येत असेल तर दाब मोजून मात्रा तपासून घ्यावी. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, टाइप १ मधुमेहाचे रुग्ण, मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा आजार असलेले आणि वाढत्या वयाची मुले यांनी ही रीत स्वतःच्या मनाने अजिबात सुरू करू नये.

सुरुवातीला एचबीएवनसी, उपाशीपोटीची साखर, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे), क्रिएटिनीन (मूत्रपिंडासाठी), यकृताची तपासणी आणि युरिक ॲसिड एवढे करून घ्यावे. घरी कमरेचा घेर मोजावा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरावा, श्वास सहज सोडावा आणि आकडा लिहावा. आपल्याकडे पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढचा घेर धोक्याचा धरतात. वजनापेक्षा या टेपवर माझा जास्त विश्वास आहे.

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रात लोकप्रिय केलेली दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात भर आहे तो किती वेळा खावे यावर, आणि आपण बोलत आहोत ते ताटात काय असावे याविषयी. दोन्ही एकदम सुरू केल्यास काय लागू पडले आणि कशाने त्रास झाला, हे कळत नाही.

ताट बदलण्याची रीत

पहिला आठवडा काहीही सोडू नये, फक्त मोजावे आणि वहीत लिहावे. साधा स्वयंपाकघरातला काटा पुरेसा आहे. भाकरीचे पीठ, कोरडा तांदूळ, पोहे, साखर आणि तेल या पाच गोष्टी मोजल्या तरी चित्र स्पष्ट होते. कच्चे धान्य मोजणे सोपे पडते, कारण शिजल्यावर पाण्याने वजन बदलते. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात. तो आजऱ्याचा सुवासिक घनसाळ असला तरी या आकड्यात फारसा फरक पडत नाही, एवढेच नम्रपणे सांगते.

दुसऱ्या आठवड्यात पिण्यातली साखर बंद करावी. चहा एकदम बिनसाखरेचा जमत नसेल तर दर तीन दिवसांनी अर्धा चमचा कमी करावा. दहा-बारा दिवसांत जीभ सवयीला येते. उसाच्या रसाच्या एका ग्लासात ३० ग्रॅमहून अधिक साखर असते. येथे मला गुळाविषयी थांबून बोलले पाहिजे, कारण आपल्या जिल्ह्यात त्याविषयी कोणी वाईट ऐकून घेत नाही. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, गुऱ्हाळावरची गरम काकवी माझीही आवडती आहे, आणि गुळात साखरेपेक्षा थोडे लोह व खनिजे अधिक असतात हेही खरे आहे. परंतु रक्तातील साखर आणि वजन यांच्या दृष्टीने गूळ म्हणजे साखरच होय. चहात साखरेऐवजी गूळ घालून "आता पथ्य सुरू झाले" असे मानणारे अनेक जण मी पाहिले, आणि त्यांचा काटा जागचा हललेला नव्हता. गूळ खायचा तर संक्रांतीला तिळाच्या वडीत खावा आणि आवडीने खावा, पण त्याला औषध समजू नये.

तिसऱ्या आठवड्यापासून रात्रीचा भात थांबवावा आणि दुपारच्या दोन भाकरींची एक करावी, तीही ६० ग्रॅम पिठाची. याच वेळी ताटातील जागा दुसऱ्या कशाने तरी भरावी लागते. माझी चूक नेमकी इथे झाली होती. मी भाकरी काढली आणि तिच्या जागी काहीच ठेवले नाही. चौथ्या दिवशी जोतिबाच्या पायऱ्या चढताना डोके गरगरले आणि घरी येऊन मी उभ्या उभ्या मूठभर फरसाण खाल्ले. म्हणून आधी प्रथिने वाढवावीत आणि मगच पीठ कमी करावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने दररोज सुचवलेली आहेत; वजन उतरवताना स्नायू टिकवण्यासाठी १ ते १.२ ग्रॅमपर्यंत जावे लागते. सत्तर किलोच्या माणसाला म्हणजे ७० ग्रॅमच्या वर. एका अंड्यातून ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमधून १८ ग्रॅम, १०० ग्रॅम कच्च्या चिकन किंवा मटणातून सुमारे २० ग्रॅम आणि ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम प्रथिने मिळतात.

वजन उतरवण्याच्या काळात माझा दिवस साधारण असा जात होता. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि ५० ग्रॅम मुगाच्या पिठाचे धिरडे, त्यात चिरलेली मेथी किंवा कोबी. काही दिवशी त्याऐवजी दोन अंड्यांचे ऑम्लेट. दुपारी एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, ताटाच्या निम्म्या भागात पालेभाजी, वांगे, दोडका किंवा भेंडी यांपैकी काही, सोबत काकडी-कांदा आणि वाटीभर घरचे दही. चार वाजता मूठभर शेंगदाणे किंवा एक पेरू. रात्री झुणका किंवा पनीर, भरपूर भाजी आणि ताक, पण भाकरी नाही. हे सगळे मिळून १३० ग्रॅमच्या आसपास बसते. झुणका, मटकी, मूग यांतही कर्बोदके असतात, ती हिशेबात धरावीत. पण त्यांच्याबरोबर प्रथिने आणि चोथा येतो, म्हणून शाकाहारी माणसाने ती कधीही पूर्ण सोडू नयेत.

जेवणाचा क्रमही मी बदलला आहे. आधी काकडी-कांदा व भाजी, नंतर उसळ किंवा अंडे, आणि भाकरी शेवटी. अशा क्रमाने खाल्ल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, आणि भाकरीपर्यंत पोचेपर्यंत पोट निम्मे भरलेले असते.

रस्सा, मिसळ आणि दूध कट्टा

कर्बोदकांच्या हिशेबाने कोल्हापूरचे मटणाचे ताट फार अनुकूल आहे. अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या बिनतिखटाच्या पाण्यात, कर्बोदके नगण्य असतात, सुक्या मटणात थोडा कांदा-खोबऱ्याचा मसाला असतो आणि तांबड्या रश्श्यातही फारसे पीठ नसते. पांढऱ्या रश्श्यात नारळाचे दूध, तीळ, खसखस आणि काजू असल्यामुळे कर्बोदके कमी पण कॅलरी भरपूर असतात. भार येतो तो रश्श्यात कुस्करलेल्या तीन भाकरींचा आणि शेवटच्या रस्सा-भाताचा. दुसरी अडचण तेलाची आहे. तांबड्या रश्श्यावर तरंगणाऱ्या १५ ग्रॅम तेलातून १३५ कॅलरी मिळतात, म्हणजे एका लहान भाकरीइतक्याच. आमच्या घरी रविवारी आता रस्सा थोडा थंड झाल्यावर वरचे तेल पळीने काढून ठेवतो आणि ते दुसऱ्या दिवशीच्या भाजीला वापरतो. चटणीची चव तेलात उतरलेली असल्याने त्या भाजीला वेगळी फोडणी लागत नाही. मी दोन वाट्या अळणी आधी पिते, मग सुके मटण आणि कांदा-लिंबू घेते, आणि एक भाकरी खाते. मटणाचा वाटा १५० ग्रॅमच्या आसपास ठेवावा आणि आठवड्यातून एकदाच ठेवावा. उरलेल्या दिवशी अंडी, मासे, चिकन आणि कडधान्ये असावीत.

मिसळीतील मटकी उत्तम आहे. फरसाण, बटाट्याची भाजी आणि ब्रेडचे चार स्लाइस यांनी तिचा हिशेब बिघडतो, कारण एका स्लाइसमध्येच १२ ते १५ ग्रॅम कर्बोदके असतात. फरसाण कमी आणि मटकी जास्त असे सांगितल्यास बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. एक स्लाइस पुरतो. भडंग आणि भेळ यांचा पाया चुरमुऱ्यांचा आहे. ते हलके लागतात, परंतु ते तांदूळच आहेत.

गंगावेशीतील दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दिलेले धारोष्ण दूध पिण्याची आपली जुनी सवय आहे. २५० मिलिलिटर दुधात साधारण १२ ग्रॅम कर्बोदके असतात, तेव्हा दिवसाला एक ग्लास बसू शकतो. मात्र दूध उकळून प्यावे. थंडाईचे तसे नाही. पहाटे उठून शेकडो जोर-बैठका काढणारा आणि खासबागेच्या मातीत उतरणारा पैलवान दूध, बदाम आणि साखर पचवतो, कारण त्याचे शरीर ते जाळते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा तालमीत जात होते, आणि आपण त्यांचा व्यायाम सोडून खुराक तेवढा ठेवला आहे. कमी कर्बोदकांबरोबर आठवड्यातून तीन दिवस जोर-बैठका किंवा वजन उचलण्याचा व्यायाम ठेवला नाही, तर चरबीबरोबर स्नायूही जातात, हे उतारवयातील वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे.

उपवासाचा प्रश्न बायका हमखास विचारतात. अंबाबाईच्या नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्यांना साबुदाणा, वरी आणि रताळे यांतून नेहमीपेक्षा जास्त कर्बोदके मिळतात. ७५ ग्रॅम कोरड्या साबुदाण्याच्या खिचडीत सुमारे ६५ ग्रॅम पिष्ट असते आणि साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. त्याऐवजी दही, ताक, पनीर, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि थोडी वरी असा उपवास करता येतो, आणि व्रतालाही बाध येत नाही.

होणारे त्रास

पहिल्या आठ-दहा दिवसांत डोकेदुखी, थकवा, चिडचिड आणि पोटऱ्यांत गोळे येणे असा त्रास होऊ शकतो. पाण्याबरोबर शरीरातून मीठही जाते, हे त्याचे एक कारण आहे. ताक आणि अळणी यांनी बहुधा बरे वाटते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र मीठ वाढवू नये. लोणचे, पापड आणि चटणी यांतून आपल्याकडे ते आधीच अधिक जाते. बद्धकोष्ठ हा सर्वांत चिवट त्रास आहे, आणि भाकरीबरोबर तिचा चोथाही ताटातून जातो हे त्याचे कारण आहे. रोज किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ पोटात गेले पाहिजेत. त्यासाठी मेथी, अंबाडी, गवार, पेरू, भाजलेले जवस आणि पुरेसे पाणी यांची सोय आधीच करून ठेवावी. तीन-चार महिन्यांनी केस गळू लागले तर बहुधा खाणे एकूणच फार कमी झालेले असते किंवा प्रथिने अपुरी असतात, आहार वाढवावा.

वजन तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अडून बसते. हलके झालेले शरीर कमी कॅलरी खर्च करते आणि आपला हातही सैल झालेला असतो. अशा वेळी आणखी काही सोडण्याऐवजी मी पुन्हा एक आठवडा काटा बाहेर काढला, तेव्हा शेंगदाण्यांची मूठ ३० ऐवजी ७० ग्रॅमची झालेली आढळली.

तपासणी आणि भाकरीचे परतणे

तीन महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा करावी. एलडीएल ठळकपणे वाढलेले असल्यास लोणी, तूप, मलई आणि मटण कमी करून शेंगतेल, दाणे, मासे आणि कडधान्ये वाढवावीत, थोडी भाकरी परत आणावी आणि दोन महिन्यांनी पुन्हा पाहावे. वजन उतरले म्हणून या आकड्याकडे दुर्लक्ष करणे मला घातक वाटते. अमेरिकेतील १५,००० हून अधिक प्रौढांचा दीर्घकाळ मागोवा घेणारा एक अभ्यास २०१८ साली 'लॅन्सेट'च्या सार्वजनिक आरोग्यविषयक नियतकालिकात आला. त्यात कॅलरींपैकी ५० ते ५५ टक्के कर्बोदकांतून घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका सर्वांत कमी आढळला. फार जास्त आणि फार कमी, अशा दोन्ही टोकांना तो वाढत गेला. कर्बोदकांच्या जागी मांस आणणाऱ्यांपेक्षा कडधान्ये, दाणे अशी वनस्पतिजन्य प्रथिने व स्निग्धे आणणाऱ्यांची स्थिती चांगली होती. अशा अभ्यासातून कारण ठामपणे सिद्ध होत नाही, तरी मटण-अंड्यांवरच वर्षानुवर्षे राहण्याचे समर्थन त्यात मला सापडत नाही.

म्हणून हवे तेवढे वजन उतरल्यावर भाकरी परत आणावी, पण अर्ध्या-अर्ध्याने. दुपारी अर्धी भाकरी वाढवावी, दोन आठवडे तसेच राहावे, घेर आणि वजन पाहावे. ते स्थिर असेल तर आणखी अर्धी, नाहीतर तिथेच थांबावे. ही जागा प्रत्येकाची वेगळी असते. रोज शेतात राबणाऱ्या माझ्या भावाची ती तीन भाकरींवर आहे आणि त्याची साखर अगदी व्यवस्थित आहे. माझी दुपारी दीड भाकरी आणि रात्री अर्धी अशी आहे. सासूबाई आता माझ्यासाठी पीठ वेगळे घेतात. मागच्या आठवड्यात मी सहज ते पुन्हा काट्यावर ठेवले, तर ६१ ग्रॅम भरले.